नगरच्या सरहद्दीवरील स्टांपाचे कागद

जुन्या कागदांचा संग्रह करणारांत एक रूढी फार दिवस चालत आली आहे. एखादें दप्तर हातीं आलें कीं इ. स. १८१८ पूर्वींचे कागद निराळे काढावयाचे, त्यांच्या नकला करावयाच्या, आणि ज्यांच्या माथ्यावर राणीचा अगर बादशहाचा मुखवटा छापलेला आहे ते कागद ‘अर्वाचीन’ म्हणून पुन्हां रुमालांत बांधून माळ्यावर टाकावयाचे. आम्हीही पुष्कळ वर्षें हेंच करीत आलों हें कबूल करणें प्राप्त आहे. पुढें अहमदनगर शहरांत रद्दीच्या एका गठ्ठ्यांत आम्हांस मोडी कर्जरोख्यांची एक चळत मिळाली. तींतील बहुतेक रोख्यांच्या माथ्यावर चौकोनी भोंक होतें. तिकिटांच्या कोणा शोकिनानें कात्रीनें मुखवटा तेवढा कापून नेला होता, आणि त्याबरोबर कागदाच्या पाठीवर त्याच जागीं असलेला स्टांप विकणाराचा शेराही गेला होता. राहिला तो मजकूर. पण कागद कोणीं, कोठें, कोणत्या तारखेस विकत घेतला हें सांगणारा साक्षीदारच नाहींसा झाला. या प्रसंगानें आमचें लक्ष या उपेक्षित कागदांकडे वेधलें. प्रस्तुत लेखांत नगर व त्याभोंवतालचा मुलूख एवढीच मर्यादा घालून त्यांचा विचार करावयाचा आहे.

नगर हें जन्मापासूनच सरहद्दीचें शहर होय. १४९० सालीं अहमद निजामशहानें बहामनी फौजेचा पराभव केला ती रणभूमि पुढें बाग निजाम म्हणून प्रसिद्धीस आली. १४९४ च्या सुमारास तेथेंच सीना नदीच्या डाव्या तीरावर त्यानें शहर वसविण्यास आरंभ केला. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावरची ही जागा त्यानें मुद्दाम निवडली, कारण त्याची दृष्टि दौलताबादेवर होती व तेथें वरचेवर फौज नेण्यास मधला ठिकाणा पाहिजे होता. उत्तरेस डोंगरगण व मांजरसुंब्याचे डोंगर, पूर्वेस सुमारें सहा मैलांवर ज्यावर सलाबतखानाची कबर आहे (लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात) तो शहाडोंगर, पश्चिमेस पारनेरचें पठार, आणि दक्षिणेकडे काय तें सीनेचें खोरें उघडें, अशी या शहराची बैठक आहे. चांदबीबीनें १५९५–९६ सालीं लढविलेला किल्ला १६०० सालीं मोंगलांकडे गेला, १७५९ सालीं पेशव्यांस मिळाला, १७९७ सालीं दौलतराव शिंद्यांच्या हातीं आला, आणि १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें तो घेतला. हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. या शहरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. तथापि ज्या कागदांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांवर सर्वत्र ‘अहमदनगर’ असल्यामुळें येथें तेंच योजिलें आहे.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ सालीं हेन्री पॉटिंजर हा नगरचा पहिला कलेक्टर झाला, आणि नगरची सरहद्द पुन्हां जागी झाली. पूर्वेकडील निजामाचा मुलूख हें ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. सीना नदी पुढें कांहीं अंतर याच सरहद्दीवरून वाहते. जामखेड तालुक्याची तर अशी दशा होती कीं त्यांतील कित्येक गांवें चोहोंकडून निजामाच्या गांवांनीं वेढलेलीं असत. एका शिवारांतून दुसऱ्या शिवारांत पाऊल टाकलें कीं नाणें निराळें, कचेरी निराळी, आणि कागदही निराळा. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

प्रथम जुनी रीत काय होती तें पाहूं. पेशवाईंत कर्जरोखा जुन्नरी कागदावर लिहिला काय किंवा दौलताबादी कागदावर लिहिला काय, सरकारास त्याचें कांहीं देणें लागत नसे. सरकारी कागदाचें प्रामाण्य शिक्का-मोर्तबांत असे, खासगी रोख्याचें साक्षी, हस्ताक्षर व निशाणी यांत असे. वाद उत्पन्न होऊन पंचाइतीचा निवाडा झाला म्हणजे सरकार आपला भाग मागे: जिंकणारापासून हरकी व हरणारापासून गुन्हेगारी. हरकी हलकी होती असें आम्ही म्हणत नाहीं. ती पुष्कळदां जबर असे. पण ती निवाड्यानंतर घ्यावयाची होती. इंग्रजी पद्धतींत दाद मागण्यापूर्वींच, किंबहुना व्यवहार करण्यापूर्वींच, सरकारचा पैसा द्यावा लागूं लागला.

बंगाल्यांत स्टांपाचा कर १७९७ सालीं सुरू झाला, मुंबई इलाख्यांत १८१५ च्या चौदाव्या रेग्युलेशनानें आला, आणि एल्फिन्स्टनच्या संहितेंत १८२७ चें अठरावें रेग्युलेशन याच विषयाचें आहे. लोकांच्या तोंडीं याचा ‘इष्टांप’ झाला. तथापि या कराची खरी व्याप्ति वाढली ती १८५७ च्या बंडानंतर. तिजोरी रिकामी व कर्ज डोंगराएवढें, अशा स्थितींत १८६० सालीं प्राप्तीवरील कर आला आणि त्याच सालीं ३६ वा कायदा होऊन १ ऑक्टोबर १८६० पासून सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास एकच स्टांपाचा नियम लागू झाला. पुढें १८६२, १८६९, १८७९ व १८९९ असे त्यांत फेरफार होत गेले; दाव्यांची फी मात्र १८७० च्या सातव्या कायद्यानें वेगळी काढण्यांत आली. स्टांपाचा कागद हा दस्ताचा, आणि कोर्ट फीचें तिकीट व कागद हा दाव्याचा, हा भेद १८७० पासूनचा आहे हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

याच सुमारास कागदाचा पोतही बदलतो. हातकागदाची खळ दिलेली, घोटलेली, पिंवळसर पाठ जाऊन तिच्या जागीं विलायती गिरणीचा कागद येतो, आणि त्यावर बोरूनें लिहिलेल्या मोडीच्या ओळी अडखळत चालतात. कागद उजेडासमोर धरला असतां पाण्याची खूण दिसते. तींत कित्येकदां सालही असतें. साल असेल तर त्याहून जुनी तारीख मजकुरांत असणें शक्य नाहीं. एवढ्या एका परीक्षेनें मागाहून तयार केलेले दोनचार ‘जुने’ दस्त आम्हीं बाजूस काढिले आहेत.

आतां हा कर कुणब्यावर कसा पडत असे त्याचा हिशेब करूं. १८९९ च्या कायद्यांतील दर पाहिले तर दहा रुपयांपर्यंतच्या रोख्यास दोन आणे, पन्नासांपर्यंत चार आणे, शंभरांपर्यंत आठ आणे. हा भार मोठा नव्हे असें कोणी म्हणेल. पण १८७० च्या कायद्याप्रमाणें दाव्याच्या पहिल्या शंभर रुपयांपर्यंत दर पांच रुपयांस सहा आणे फी असे. म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्यास साडेसात रुपये. रोखा व दावा मिळून आठ रुपये सरकारांत गेले, वकिलाचा व बेलिफाचा खर्च त्यावर. ही रक्कम प्रथम सावकार भरी, परंतु हुकूमनामा झाला म्हणजे खर्चासह ती ऋणकोच्या माथीं येई. आणि बहुतेक दाव्यांत ऋणको हजरच नसे, त्यामुळें हुकूमनामे एकतर्फीं होत.

यांत मुदतीच्या कायद्याची भर पडली. १८५९ च्या चौदाव्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कायदा करणारांचा हेतु ऋणकोस जुन्या मागण्यांपासून सोडवावें हा होता. झालें उलट. तीन वर्षें संपत आलीं कीं सावकार दारांत उभा राही. व्याज मुदलांत धरून नवा रोखा, नवा स्टांप, पुन्हां तीन वर्षें. एका कर्जाचे तीन-चार पिढीजाद रोखे एकाच कुळाच्या नांवें सांपडतात त्याचें कारण हें आहे. प्रत्येक फेरीस मुद्दल वाढलेलें असतें व कागदाची किंमतही एक पायरी वर चढलेली असते. मोडी न वाचतां केवळ माथ्यावरची किंमत क्रमानें मांडली तरी त्या घराची उतरती कळा दिसून येते. असे रोखे एकत्र असतील तरच हें दिसतें. दोन आण्यांचा एकीकडे आणि रुपयाचा दुसरीकडे अशी किंमतवार विल्हेवाट लागली म्हणजे तें कायमचें नाहींसें होतें.

या सर्वाचा परिणाम १८७५ सालीं झाला. १२ मे रोजीं सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंग्यास तोंड लागलें. येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. हें सुपें म्हणजे पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतील. नगर जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांत दुसरें सुपें आहे, आणि दोन्हींची गल्लत आम्हीं छापील लेखांतही पाहिली आहे. तथापि दंगा नगर जिल्ह्यांतही लवकरच पसरला व पारनेर, श्रीगोंदें, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील गांवें त्यांत सांपडलीं. पुणें जिल्ह्यांत ५५९ व नगर जिल्ह्यांत ३९२ असामी धरले गेले. पैकीं अनुक्रमें ३०१ व २०० जणांस शिक्षा झाल्या.

या दंग्याचें वैशिष्ट्य असें कीं लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. चौकशीस नेमलेल्या कमिशनानेंही हेंच नमूद केलें: रोखे व हुकूमनामे हातीं आले कीं ते जाळावयाचे, सावकारानें ते मुकाट्यानें दिले तर बहुधा तेथेंच प्रकरण संपे, नाकारलें तर मारहाणीचा धाक. सुप्यासारख्या ठिकाणीं कापड-धान्याची लूट झाली हेंही खरें आहे, परंतु इतर पुष्कळ ठिकाणीं पेटी फोडून कागद शोधण्याकडेच लक्ष होतें. ज्या कुणब्यास एक अक्षर वाचतां येत नव्हतें त्यास कोणता कागद जाळावयाचा हें कसें कळलें असावें? आमचें मत असें कीं माथ्यावरचा मुखवटा हीच त्याची ओळख होती. आपल्या नांवाचा मजकूर त्यास वाचतां येत नसला तरी ज्या तऱ्हेच्या कागदाखालीं आपण नांगराची निशाणी केली तो कागद तो विसरला नव्हता. हें अनुमान आहे, यास लेखी आधार आम्ही देऊं शकत नाहीं. पण दंग्याची सर्व रीत त्याशीं जुळते.

आतां जें जळलें तें सर्वच नष्ट झालें काय? येथें संशोधकानें बारकाईनें पाहिलें पाहिजे. १८६४ च्या सोळाव्या कायद्यापासून दस्तांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली होती. शंभर रुपये व त्यावरील स्थावराचीं गहाणखतें व खरेदीखतें नोंदविणें भाग होतें आणि त्यांची नक्कल कचेरीच्या बुकांत राहत असे. सबब गहाणखत जळलें तरी त्याचा मजकूर उरला. हुकूमनाम्याचेंही तसेंच, सावकाराच्या घरीं होती ती नक्कल, मूळ न्यायालयाच्या दप्तरांत. साध्या कर्जरोख्याची नोंदणी मात्र ऐच्छिक होती व ती क्वचितच होई. म्हणजे त्या आगींत खरोखर निःशेष झाले ते गरिबांतल्या गरिबांचे दहा-वीस-पन्नास रुपयांचे रोखे. त्या चार तालुक्यांतील १८७५ पूर्वींचा दोन आणे किंवा चार आणे किंमतीचा साधा रोखा आज धडधाकट मिळाला तर तो जहागिरीच्या सनदेइतक्या काळजीनें ठेवण्याच्या योग्यतेचा आहे, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

दंग्यानंतर १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. त्यानें शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त गांवच्या रजिस्ट्रारासमक्ष लिहिला पाहिजे असें ठरविलें, व मूळ दस्त धनकोस दिला तर त्याची दाखल्याची नक्कल ऋणकोस मिळूं लागली. पावती मागण्याचा हक्कही त्यास मिळाला. साध्या रोख्याची मुदत सहा वर्षें व या कायद्याखालीं नोंदलेल्याची बारा वर्षें झाली, त्यामुळें नूतनीकरणाची घाई कमी झाली. संग्राहकाच्या दृष्टीनें यांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं १८७९ नंतरचे कागद प्रथमच कुणब्यांच्या घरांतूनही मिळूं लागतात. तत्पूर्वींचे कागद आपणांस मिळतात ते जवळजवळ सर्व सावकाराच्या पेटींतले.

सरहद्दीचा प्रश्न आम्हीं मागें सोडला होता, त्याकडे वळूं. जामखेड, कर्जत या भागांतील कुणब्याची जमीन इंग्रजी हद्दींत व सावकार निजामाच्या हद्दींत, किंवा याच्या उलट, असा प्रकार सरहद्दीवर स्वाभाविक होता. निजामाचे स्टांप त्यांचे स्वतंत्र. तेथील पोस्टाच्या १८७१ पासूनच्या तिकिटांवर मराठी व तेलुगू लिपींतही किंमत छापीत, तेव्हां आमच्याकडील मराठी वाचकास तीं अगदींच परकीं नव्हत. ब्रिटिश हद्दीबाहेर झालेला, पण हद्दींतील मालमत्तेसंबंधाचा दस्त इकडे आणला तर तीन महिन्यांच्या आंत त्यावर इकडील स्टांप करून घेण्याची सवलत कायद्यांत होती; १८९९ च्या कायद्याचें १८ वें कलम पाहावें. अपुऱ्या स्टांपाचा दस्त पुराव्यांत घेत नसत, घेतला तर उणीव भरून वर दहापट दंड, आणि वचनचिठ्ठीस तर ही दंडाची वाटही बंद. तेव्हां एकाच कागदावर दोन सरकारांच्या खुणा आढळल्या तर तो बनावट समजून टाकून देऊं नये. प्रथम गांव कोणत्या हद्दींत होतें तें पाहावें.

जिल्ह्याच्या नांवाविषयींही अशीच सावधगिरी पाहिजे. नाशिक १८६९ पर्यंत नगरच्या कलेक्टरीखालीं होतें. यास्तव त्यापूर्वींच्या कागदावर ‘जिल्हा अहमदनगर’ दिसलें म्हणून तो आजच्या नगर जिल्ह्यांतला असें समजणें धोक्याचें आहे. तो चांदवडचा किंवा दिंडोरीचाही असूं शकेल. विकणाराचा शेरा शाबूत असेल तर हा संशय क्षणांत फिटतो, कारण त्यांत विक्रीचें ठिकाण, अनुक्रम नंबर, तारीख, घेणाराचें नांव व राहण्याचें गांव लिहिण्याची वहिवाट असे. दस्ताची मिती शेऱ्याच्या तारखेच्या आधींची निघाली तर कागदांत कांहीं तरी काळेंबेरें आहे हें उघड झालें.

छोट्या तिकिटांची कथा याहून वाईट आहे. वीस रुपयांवरील पावतीस व देणें कबूल केल्याच्या लेखास एक आण्याचें तिकीट लागे. सावकाराच्या वहींत खात्याखालीं बाकी लिहून, तिकीट चिकटवून, त्यावरून आरपार ऋणकोची सही किंवा निशाणी घेत, कारण तिकीट रद्द करण्याची तीच कायदेशीर रीत. म्हणजे अर्धी सही तिकिटावर, अर्धी वहीवर. शोकीन मनुष्य तिकीट पाण्यांत भिजवून सोडवितो. शाई फुटते, सहीचे दोन तुकडे होतात, एक त्याच्या वहींत जातो व दुसरा रद्दींत. १९०६ पासून अर्ध्या व एक आण्याच्या पोस्टाच्या तिकिटांवरच ‘पोस्टेज व रेव्हेन्यू’ असे शब्द आल्यामुळें पावतीवर पत्राचें तिकीट दिसूं लागतें. असलें तिकीट असलेली पावती त्या सालापूर्वींची नव्हे हेंही यावरून ठरतें. उलट प्रकारही एकदां झाला आहे. १८६६ सालीं पोस्टास सहा आण्यांचीं तिकिटें पुरेनात, तेव्हां परदेशी हुंड्यांच्या तिकिटांचे वरचे व खालचे काठ कापून, ‘पोस्टेज’ असा शिक्का मारून तीं पत्रांवर चालविलीं. तीं आज फार किंमतीस जातात. कात्रीची हौस सरकारासही होती म्हणावयाची.

कोर्ट फीच्या कागदांवरील भोंकांविषयीं मात्र कोणास दोष देऊं नये. त्या मुखवट्याचें डोकें छेदयंत्रानें काढून टाकावें, किंमतीचा आंकडा शाबूत ठेवावा, आणि काढलेला तुकडा जाळावा अगर अन्य रीतीनें नष्ट करावा असें १८७० च्या कायद्याच्या ३० व्या कलमांतच सांगितलें आहे. म्हणून दाव्याच्या कागदावर राणीच्या डोक्याच्या जागीं वाटोळें छिद्र असेल तर ती कसर नव्हे, वाळवी नव्हे. तो कागद न्यायालयांत खरोखर दाखल झाल्याचा पुरावा होय. छिद्र नसलेला कोर्ट फीचा कागद उलट अधिक विचार करावयास लावतो: दावा लिहिला पण दाखल केला नाहीं, असें तेथें झालें असावें. तडजोड झाली किंवा पैसे पुरले नाहींत, हें मजकुरावरून शोधावयाचें. आमच्या मित्रांनीं असे दोन कागद ‘चांगल्या स्थितींतील’ म्हणून वेगळे ठेविले होते व छिद्राचे कागद ‘खराब’ म्हणून टाकले होते. ते टाकलेले आम्हीं परत मागून घेतले.

आण्यांचा व्यवहार १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाण्यांनीं बदलला, आणि १९५८ सालीं मुंबई राज्याचा स्वतंत्र स्टांपाचा कायदा झाला. नगरपुरती आमची मर्यादा तेथें संपते. पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांतील १८६० ते १८७५ या काळचे न कापलेले साधे रोखे ज्या वाचकांपाशीं असतील त्यांनीं कृपा करून मूळ आपल्याजवळच ठेवून दोन्ही बाजूंच्या छाया आम्हांकडे पाठवाव्या. पाठीवरील शेरा वाचतां येईल इतकी छाया स्पष्ट असावी, आणि कागद उजेडासमोर धरून पाण्याची खूण दिसली तर तीही लिहून कळवावी.